सरासरीचे पाणी आणि तुटीचे वर्ष

नदीचे पाणी वाटण्यापूर्वी ते मोजावे लागते, हे सर्वांनाच मान्य होईल. वाद उद्भवतो तो मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना. कृष्णेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

विजयवाडा येथील १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या प्रवाहनोंदी बच्छावत लवादाने आधारभूत मानल्या. वाटपासाठी मात्र त्याने सरासरी घेतली नाही. शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान जेवढे पाणी मिळेल, तो २,०६० अब्ज घनफुटांचा आकडा १९७३ मध्ये स्वीकारला आणि त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट दिले.

हे धोरण सावधपणाचे होते. तरीही चारांतील एक वर्ष तुटीचे, हे त्यात गृहीतच होते. शिवाय तुटीची वर्षे ठरावीक अंतराने येत नाहीत. ती लागोपाठही येतात. पुढे २०१० मध्ये दुसऱ्या लवादाने ४७ वर्षांच्या नोंदी तपासून ६५ टक्के विश्वासार्हतेच्या पाण्याचेही वाटप केले. वाटायचे पाणी वाढले, तशी त्या वाढीव पाण्याची शाश्वती घटली.

वाढीव आकड्याचे श्रेय घेण्यास सारेच पुढे येतात. तुटीचा भार मात्र कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यावर पडतो. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात किती पाणी मिळेल, याबरोबरच ते किती वर्षे मिळणार नाही आणि त्या वर्षी कोणाचे पाणी किती कापले जाईल, हेही आधीच नमूद झाले पाहिजे. नोंदींचा खरा उपयोग तोच आहे.