पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचे कोरीव सागरी नकाशे

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचे कोरीव सागरी नकाशे हे सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, नौकानयनासाठी उपयुक्त असे नकाशे होत. आफ्रिकेशी चाललेल्या युरोपीय व्यापाराचे, विशेषतः गुलामांच्या व्यापाराचे, ते महत्त्वाचे ऐतिहासिक साधन आहेत.

निर्मिती

कारागीर पोलादी कोरणीने पत्र्यावर नकाशाची उलटी प्रतिमा कोरीत असे. कोरलेल्या रेषांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेत आणि वर ओलसर कागद ठेवून तो पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढीत. रंग मागाहून हाताने भरले जात. एकच पत्रा अनेक वर्षे वापरात राहिल्यामुळे जुन्या चुकाही पुन्हा छापल्या जात.

इतिहास

पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशांनी हा किनारा धुंडाळला व १४८२ मध्ये आजच्या घानातील एल्मिना येथे किल्ला बांधला. त्यांचे नकाशे हस्तलिखित असत. गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ पासून काही वर्षे तेथे राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने पोर्तुगिजांकडील सागरी माहिती जमविली. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘इटिनेरारिओ’ या ग्रंथात या किनाऱ्याचा कोरीव नकाशा आहे. सतराव्या शतकात ब्लाऊ व व्हान क्यूलन या घराण्यांमुळे अ‍ॅम्स्टरडॅम हे नकाशा-मुद्रणाचे प्रमुख केंद्र बनले. १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे जलालेखन कार्यालय स्थापन झाले. त्याच्या वतीने विल्यम ओवेन याने १८२० च्या दशकात आफ्रिकेच्या किनाऱ्यांची मोजणी केली. त्या मोहिमेत अनेक खलाशी तापाने दगावले.

स्वरूप

पाण्याची खोली वावांत दिलेली असे. वाळूचे दांडे, खडक व नांगर टाकण्याच्या जागाही दाखवीत. समुद्राचा भाग मोकळा राहावा म्हणून स्थलनामे किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूस लिहीत. अंतर्भाग बहुधा कोरा असे किंवा तेथे हत्ती, सिंह यांची चित्रे काढीत.

महत्त्व

धान्य किनारा, हस्तिदंत किनारा, सुवर्ण किनारा आणि गुलाम किनारा ही या नकाशांवरील नावे तेथून नेल्या जाणाऱ्या मालावरून पडली. यांतील ‘धान्य’ म्हणजे मिरीसारखे तिखट बी होय. आजच्या टोगो व बेनिनच्या किनाऱ्याला दिलेल्या ‘गुलाम किनारा’ या नावात माणसांचीही गणना मालात झालेली दिसते. कोरा अंतर्भाग मात्र ओसाड नव्हता. तेथे राज्ये, शहरे आणि बाजारपेठा नांदत होत्या. किनाऱ्यावरच थांबणाऱ्या व्यापाऱ्यांची माहिती तोकडी होती, एवढेच त्या कोऱ्या जागेवरून कळते.