आस्तिक, नास्तिक आणि पाच गैरसमज

कोल्हापूर हे अंबाबाईचं आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचवणारं गाव. सत्यशोधकांचंही तेच गाव. याच गावात 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरायला निघालेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचं निधन झालं. आस्तिक आणि नास्तिक एकमेकांना न ओळखताच एकमेकांविषयी ठाम मतं बाळगतात. ती मतं तपासणं आता टाळून चालणार नाही.

गैरसमज 1: नास्तिकांना धर्माचा गंध नसतो, म्हणून ते नास्तिक होतात.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 2010 मध्ये लोकांना जगभरच्या धर्मांवर 32 प्रश्न विचारले. सर्वसाधारण माणसाची सरासरी 16 बरोबर उत्तरांची आली. नास्तिक आणि अज्ञेयवादी 20.9 गुण घेऊन सगळ्यांच्या पुढे होते. 2019 च्या पाहणीत ज्यू पहिले आणि नास्तिक दुसरे आले. आपल्याकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं उदाहरण आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेल्या, ‘धर्मकोशा’चं संपादन करणाऱ्या याच पंडिताने ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आणि ‘जडवाद’ लिहिलं. मार्क्सवादी पानसरे यांनीही ‘शिवाजी कोण होता?’मध्ये महाराजांची धर्मश्रद्धा लपवली नाही. महाराज श्रद्धावान हिंदू होते आणि परधर्माचा द्वेष करणारे नव्हते, हे त्यांनी सरळ मांडलं.

गैरसमज 2: श्रद्धाळू माणूस म्हणजे विचार न करणारा, कमी शिकलेला.

वस्तुस्थिती: वरचे आकडे पाहून नास्तिकांनी हुरळून जाऊ नये. 2010 च्या त्याच पाहणीत बायबल आणि ख्रिस्ती धर्मावरच्या प्रश्नांत मॉर्मन आणि गोरे इव्हँजेलिकल ख्रिस्ती नास्तिकांच्या पुढे होते. गुणांमधला फरक सर्वांत जास्त ठरवला तो शिक्षणाने. जो जास्त शिकला, त्याला जास्त उत्तरं आली. नुसतं देव मानणं सोडलं म्हणून कुणाच्या ज्ञानात भर पडत नाही.

महाराष्ट्रातले मोठे सुधारकही सगळेच नास्तिक नव्हते. महात्मा फुले ‘निर्मिक’ मानत. वेदोक्त प्रकरणात पुरोहितशाहीशी झुंजलेल्या राजर्षी शाहूंनी धर्म सोडला नाही. त्यांनी आर्य समाजाला बळ दिलं, त्यांच्याच काळात 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला आणि 1917 मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. गाडगेबाबांनी तर कीर्तनातूनच नवस आणि पशुबळी यांच्यावर कोरडे ओढले.

गैरसमज 3: कारण कळलं की श्रद्धा संपते.

वस्तुस्थिती: अंबाबाईचा किरणोत्सव पाहा. नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुढे 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, पितळी उंबरा, कासव चौक, चांदीचा उंबरा ओलांडत ती गाभाऱ्यात पोचतात आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. यामागचं गणित स्वच्छ आहे. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. 10 नोव्हेंबर आणि 1 फेब्रुवारी या दोन्ही तारखा डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून साधारण 41-42 दिवसांच्या अंतरावर पडतात, त्यामुळे दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. वाटेत उंच बांधकाम आलं, ढग किंवा धूळ असली, की किरणं कमी पडतात. हे सारं ठाऊक असलेले भक्तही हात जोडतात. हात न जोडणाऱ्यालाही हे गणित जुळवणाऱ्या कारागिरांच्या बुद्धीचा अभिमान वाटतो.

गैरसमज 4: देव नाही म्हटलं की नीतीही उरत नाही.

वस्तुस्थिती: कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळ बाहुबली आहे. तिथे येणारे जैन जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. तरीही अहिंसा, अपरिग्रह आणि उपवास यांबाबत त्यांच्याइतकी काटेकोर परंपरा विरळा. दुसरं उदाहरण बौद्धांचं. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात. प्यूच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक पाहणीत 97 टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं, पण बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं. पंचशील पाळायला त्यांना त्यामुळे अडचण येत नाही. माणसाच्या बरोबरीवर, श्रमाच्या प्रतिष्ठेवर विश्वास ठेवून आयुष्य वेचणं हीसुद्धा निष्ठाच आहे.

गैरसमज 5: जादूटोणाविरोधी कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे.

वस्तुस्थिती: डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना या कायद्याने स्पष्टपणे वगळलं आहे. गुन्हा ठरतात त्या नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण यांसारख्या गोष्टी. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. सापाचं विष उतरवणारं औषध आस्तिकालाही लागतं आणि नास्तिकालाही.

ज्ञान एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी प्रत्यक्षात कुठेच सापडत नाही. न वाचता बोलणारे दोन्हीकडे आहेत, आणि मूळ ग्रंथ उघडून स्वतःचंच मत तपासणारेही दोन्हीकडे आहेत. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं, ते दोघांनाही दिलं. 51-क कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणं हे कर्तव्य सांगितलं, तेही दोघांनाच. म्हणून समोरच्याला ‘धर्मद्रोही’ किंवा ‘अंधभक्त’ म्हणण्याआधी तो काय वाचतो, काय तपासतो आणि कुणाच्या उपयोगी पडतो, हे विचारावं. शाहूंच्या गावाने निदान एवढा प्रश्न विचारायची सवय सोडू नये.