परसातली भेंडी आणि सुयांवरचे मोजे

थंडी सरली की लोकरीचे कपडे धुऊन ट्रंकेत जातात. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही वस्तीवरच्या सात-आठ जणी मोजे विणायला शिकलो. बघणाऱ्यांनी हसून घेतलं. "फाल्गुनात मोजे? आता काय उन्हाळ्यात घालून बसणार?" हा सवाल आम्हाला इतक्यांदा ऐकावा लागला, की त्याचं उत्तर सभासद बंधू-भगिनींपुढे एकदा सविस्तर मांडावं असं ठरलं.

उत्तर सरळ आहे. ज्या घरात ऊस आहे त्या घरात रात्रीचं पाणी आहे. ज्यांच्या पंपाला अजून रात्रीची वीज येते, त्यांच्या घरचा माणूस पौष-माघाच्या कडाक्यात बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. पायात गमबूट असला तरी रबराला ऊब नसते. पहाटे परत येतो तेव्हा पाय लाकडासारखे झालेले असतात. नायलॉनचा मोजा घामाने भिजला की गार पडतो. लोकरीचा मोजा थोडा ओलसर झाला तरी ऊब धरून राहतो. असा मोजा पुढच्या थंडीत हवा असेल तर सुया आत्ताच हातात घ्याव्या लागतात. मार्गशीर्षात शिकायला बसलं तर थंडी संपते आणि मोजा अर्धाच राहतो. उसाची लागण करताना आपण वर्ष-दीड वर्ष पुढचा हिशोब करतो, मग पायांचाच का करू नये?

दुसरा सवाल वेळेचा. गळीत हंगाम चालू, गुरं, पै-पाहुणे, पोरांचे डबे, यात बाईमाणसाला उसंत कुठली? पण परसबाग करणाऱ्या बाईला संध्याकाळी अर्धा-पाऊण तास वाफ्याशी थांबावंच लागतं. पाणी सोडायचं, ते टोकाला पोचेपर्यंत वाट बघायची, मग पुढच्या वाफ्याला वळवायचं. ही वाट बघण्याची वेळ म्हणजेच आमचा विणकामाचा वर्ग.

शिकवायला वस्तीवरच्याच एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या. १९६२ च्या चीन युद्धात हिमालयातल्या जवानांसाठी देशात ठिकठिकाणी बायका-मुलींनी लोकरीचे कपडे विणले. बाई तेव्हा शाळेत होत्या, आणि आयुष्यातला पहिला मोजा त्यांनी त्याच वेळी विणला. "घाई करायची नाही, आणि मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही," हा त्यांचा एकच दंडक.

पहिला आठवडा तयारीचा. इकडे चार फूट रुंदीचे वाफे केले, त्यात कुजलेलं शेणखत आणि कारखान्यावरून आणून चांगलं मुरवलेलं प्रेसमड मिसळलं. ताजं प्रेसमड गरम असतं, ते रोपांना घालू नये. तिकडे दोन सुयांवर वीतभर चौकोन विणून सुलट आणि उलट टाका हातात बसवला. लोकर मऊ, चार पदरी घ्यावी. मोठ्या माणसाच्या जोडीला सुमारे १०० ग्रॅम लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला नामी, पण मोज्याला राठ; ती पायाला टोचते. सुया १२ किंवा १३ नंबरच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या, अशा पाच. सायकलच्या जुन्या तारा कापून, टोकं पॉलिश पेपरने गुळगुळीत करूनही काम भागतं.

माघी पौर्णिमेच्या सुमारास बी पडलं. रात्रभर भिजवलेली भेंडी फुटा-फुटावर दोन-दोन दाणे, एका वाफ्यात मेथी, एकात गवार, कुंपणाच्या कडेला दोडका आणि कारली. न्हाणीचं साबणाचं पाणी मात्र केळी आणि कर्दळीकडे, भाजीला विहिरीचंच. त्याच संध्याकाळी सुयांवर पहिले टाके घातले.

हिशोब असा. एकूण ६४ टाके, चार सुयांवर १६-१६. पाचवी सुई विणायची. टाक्यांना पीळ पडू न देता गोल जोडायचे. वरचे दोन इंच दोन सुलट, दोन उलट. त्याने मोजा पोटरीवर धरून राहतो. मग घोट्यापर्यंत चार इंच नुसतं सुलट. वरपासून बोटांपर्यंत एका मोज्याला सुमारे १६० फेरे होतात, म्हणजे दहा हजारांच्या आसपास टाके. आकडा ऐकून छाती दडपते. पण रोज सात फेरे धरले तर २३ दिवसांत मोजा उतरतो. सात फेरे म्हणजे दोन-तीन वाफे भिजेपर्यंतचं काम.

भेंडी चार बोटं वर आली तेव्हा ओळींच्या मधे उसाचं पाचट अंथरलं. ओल टिकली, तण दबलं, पाण्याची पाळी लांबली. याच सुमारास आम्ही टाचेशी पोचलो. मोजा सोडून देतात ती बहुतेक इथंच, म्हणून नीट सांगतो. अर्धे, म्हणजे ३२ टाके एका सुईवर घ्यायचे, बाकीचे तसेच थांबवायचे. या ३२ टाक्यांवर एक ओळ सुलट, एक उलट अशा ३२ ओळी विणायच्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. मग वळण. १८ टाके सुलट विणायचे, पुढचे दोन एकत्र, आणखी एक विणायचा, आणि बाकीचे तसेच सोडून माघारी फिरायचं. परतताना पहिला टाका उचलायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा माघारी. दर ओळीला मधला टप्पा एकेका टाक्याने वाढतो. दोन्हीकडचे टाके संपले की सुईवर १८ उरतात आणि कापडाला आपोआप वाटीसारखा खोलगट आकार येतो. ज्याने दारं धरली आहेत त्याला हे लगेच समजतं. पाणी टोकाच्या अलीकडे अडवलं, वळवलं, तेव्हाच सारं रान भिजतं.

मग टाचेच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलायचे. ते ३२, टाचेचे १८ आणि थांबवलेले ३२ मिळून ८२. एक फेरा सोडून एक, दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत गेलं की नऊ वेळांत पुन्हा ६४ होतात. पाऊल संपायला दोन-सव्वादोन इंच उरले की फेरा सोडून दर फेऱ्याला चार टाके कमी करायचे. १६ उरले की त्यांतून लोकर ओवून घट्ट ओढायची आणि टोक आत लपवायचं.

मेथी खुडायला आली तेव्हा सुयांवरून पहिला मोजा उतरला. पुढं भेंडीवर मावा दिसला, त्यावर सकाळच्या दवात चुलीची राख उडवली. फळमाशीने डंखलेले दोडके रोज वेचून खोल पुरले. पाडव्याच्या सुमारास भेंडीची पहिली तोडणी झाली आणि दुसरा मोजाही पुरा झाला. तेव्हापासून भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक दिवस चुकला की ती जून होते. विणकामाचंही तसंच. हात चार दिवस थांबला की टाका सैल पडतो.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना घट्ट मोज्याचे वळ उठत, आणि पायाची जाणीव कमी झाल्याने ते कळतही नसे. त्यांच्यासाठी ७२ टाक्यांचा, वरून सैल, आत गाठ नसलेला मोजा विणला. अशा माणसाचे पाय घरच्यांनी रोज पाहावेत, हेही आम्ही यानिमित्ताने शिकलो. मोजा हे औषध नव्हे, पण पायाला दुखापत होऊ न देणं निम्मं आपल्या हाती असतं.

लोकर कोमट पाण्यात, चोळल्याशिवाय धुवावी आणि सावलीत आडवी वाळवावी. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा. ओला मोजा गमबुटात रात्रभर राहू देऊ नये.

आता उन्हं तापली आहेत. दोडक्याचा मांडव भरलाय, त्याखाली बसायला सावली झाली आहे आणि दुसऱ्या जोडीचे टाके पडले आहेत. ज्या भगिनींना शिकायचं असेल त्यांनी येताना घरच्या माणसाच्या पावलाचं माप दोऱ्याने घेऊन यावं. पुढच्या पौषात तो रानात पाणी पाजायला निघेल, तेव्हा गमबुटाच्या आत घरची ऊब असावी, एवढंच आमचं म्हणणं.