सरस्वती, व्हाया युनिव्हर्सिटी चौक

युनिव्हर्सिटी चौकातल्या ट्रॅफिकला रोज शिव्या घालता ना? आज मान जरा वळवा. तिथेच, विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' आहे. तिथल्या आणि पाषाणच्या 'आयसर'मधल्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये जगाला दाखवली 'सरस्वती'!

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. समजा, एक सोसायटी. सरस्वतीत सोसायट्यांच्या अशा ४३ वस्त्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशालाही सुमारे ६० कोटी वर्षं लागतात. आणि आपल्याला दिसते ती अब्जावधी वर्षांपूर्वीची सरस्वती, कारण तिथून निघालेला प्रकाश आत्ता कुठे पोचतोय.

गंमत म्हणजे दुर्बीण अमेरिकेतली, 'स्लोन सर्व्हे'ची, आणि तिचा डेटा सगळ्यांसाठी खुला. बाकी काम आपल्यासारखंच, स्क्रीनसमोर बसून आकडे उपसायचं. (फक्त इथे बॉस मध्येच फॉरमॅट बदलत नाही.)

पण खरा पेच पुढेच आहे. डार्क एनर्जी विश्वाला ताणतेय, गुरुत्वाकर्षण आत ओढतंय. या रस्सीखेचीत, इतक्या आधी, एवढा मोठा पसारा जमलाच कसा? यावर अजून डोकेफोड चालू आहे.

सरस्वती आहे मीन राशीच्या दिशेला. नुसत्या डोळ्यांनी दिसायची नाही, उगाच गच्चीवर धावू नका!