नाव नको, माप सांगा

‘‘हो पार्ट आता खंय गावतलो रे?’’

जुनी गिअरची सायकल घेऊन मालवण, कुडाळ, कणकवली, कुठल्याही दुकानात जा. ब्रेकची केबल मिळेल, चेन मिळेल, टायर मिळेल. पुढच्या शॉकअपकडे बोट दाखवलंत की मात्र हे वाक्य ऐकायला मिळतं. पाठोपाठ सल्ला येतो, ‘‘नवीन घे मरे, ह्यां भंगारात घाल.’’ यात दुकानदाराची काही चूक नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे शॉकअपवाला चिमटा, ज्या कंपनीने बनवला तिनेच त्याचे सुटे भाग बनवणं कधीच सोडून दिलंय. मग ते मालवणच्या बाजारपेठेत कुठून येणार?

आणि तरीही यातले बरेच फोर्क दुरुस्त होतात. आपल्या जिल्ह्यातल्या सामानावर, इथल्याच कारागिरांकडून होतात. फक्त दुकानात जाऊन कंपनीचं नाव सांगायचं नाही. माप सांगायचं.

अशा सायकली आपल्याकडे आहेत तरी कुठे, असं वाटत असेल तर एकदा माळ्यावर नजर टाका. गणपतीला आलेल्या चाकरमानी चुलतभावाने ठेवून गेलेली, कुणी गोव्यातून सेकंडहँड आणलेली, एखादी गल्फहून आलेल्या मामाची. २००५ मध्ये फायरफॉक्स भारतात सुरू झाली आणि २६ इंची चाकांच्या, पुढे शॉकअप असलेल्या परदेशी धाटणीच्या सायकली शोरूममध्ये दिसू लागल्या. त्या पहिल्या खेपेतल्या सायकली आता वीस वर्षांच्या आहेत, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाच्या. त्याआधीच्या, नव्वदच्या दशकातल्या सायकलीवर रॉकशॉक्स, मॅनिटू किंवा मार्झोकी असं नाव दिसलं, तर ती भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी पुढचं वाचाच.

सायकलला शॉकअप ही मुळात मोटरसायकलवाल्यांची कल्पना. अमेरिकेत मोटोक्रॉसच्या दुनियेतून आलेल्या पॉल टर्नरने स्टीव्ह सायमन्सला सोबत घेऊन १९८९ मध्ये रॉकशॉक्स सुरू केली. त्यांचा पहिला फोर्क, आरएस-१, जेमतेम दोन इंच दबायचा. लोक हसले. पण १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि उतारावरची शर्यत ग्रेग हर्बोल्डने हाच फोर्क लावून जिंकली. मग हसणं थांबलं. त्याच सुमारास डग ब्रॅडबरीचा मॅनिटू आला. पुढे मोटरसायकलचे फोर्क बनवणाऱ्या इटलीच्या मार्झोकीने बाँबर झेड-१ आणला. दर वर्षी नवं मॉडेल, नवी मापं. नंतर कंपन्याच विकल्या गेल्या. रॉकशॉक्स २००२ मध्ये स्रॅमकडे गेली, मार्झोकीचा सायकल विभाग २०१५ मध्ये फॉक्सकडे. जुन्या मॉडेलचं सील बनवत बसायला वेळ कुणाला होता?

नेमकं बिघडतं काय? नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर असायचे. म्हणजे पॉलियुरेथेनचे रबरासारखे ठोकळे, नळीत एकावर एक रचलेले. हलके, स्वस्त, तेलाची कटकट नाही. पण पॉलियुरेथेनचा शत्रू म्हणजे हवेतला दमटपणा. पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतं, याला हायड्रोलिसिस म्हणतात. हा प्रयोग तुमच्या घरी झालेला आहे. वर्ष-दोन वर्षं कपाटात जपून ठेवलेले स्पोर्ट्स शूज लग्नाला म्हणून बाहेर काढले आणि चार पावलांत तळवा भुग्यासारखा गळून पडला, आठवतंय? तेच हे. बूट वापरले नव्हते तरी गेले, तसा फोर्कही माळ्यावर नुसता पडून जातो. उघडलात तर आत ठोकळ्यांच्या जागी काकवीसारखा तपकिरी चिकटा निघतो. जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्राची ओल असते, तिथे दुसरं काय होणार!

तेलाच्या फोर्कचं दुखणं वेगळं. त्याचं ऑईल सील कडक होतं, ओ-रिंग चपटी होते, तेल बाहेर येतं. आतल्या नळीवरच्या क्रोमला गंजाची टिंबं पडली की ती कानशीसारखी नवं सीलसुद्धा खाऊन टाकतात. या सगळ्याचा परिणाम म्हणजे खड्ड्यात फोर्क खाली जातो आणि वर यायला विसरतो, किंवा मुळात दबतच नाही. उतारावर पुढचा ब्रेक दाबताना हे झालं तर हँडलवरून पुढे फेकले जाल. म्हणून ‘चालतंय तोवर चालवू’ हे शॉकअपच्या बाबतीत चालत नाही.

आता मापाकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. फोर्कच्या आत कंपनीने स्वतः शोधून काढलेल्या वस्तू फार थोड्या असतात. बाकी सील, ओ-रिंग, स्प्रिंग, बुश, वायसर हे सगळं जगभरच्या यंत्रांत असतं तेच. ऑईल सीलच्या अंगावर बारीक अक्षरांत तीन आकडे छापलेले असतात, समजा ३०-४०-७. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्नियर कॅलिपर लावा. त्यातही सील मोजण्यापेक्षा आतली नळी आणि सील बसतं ती खाच मोजा. जुनं सील ताणलेलं असतं, ते खोटं बोलतं. नळी बरोबर २५.४ मिमी भरली तर ती एक इंचाची आहे, म्हणजे इंचातलं सील शोधावं लागेल. २८, ३०, ३२ ही मिलिमीटरमधली नेहमीची मापं.

कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयला शिकणाऱ्या मित्राला गाठा. पहिल्या वर्षी जर्नल भरण्यापुरता हातात घेतलेला व्हर्नियर एकदाचा खऱ्या कामाला लागेल.

ही मापं एका कागदावर लिहून घ्या आणि सायकलचं दुकान विसरा. पहिला थांबा मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचा. गाडीच्या पुढच्या फोर्कची सीलं आणि फोर्क ऑईल तिथे मिळतं. (इंजिन ऑईल ओतू नका, तेलाचा दाटपणा हाच फोर्कचा आवर घालणारा भाग असतो. जुन्या मॅन्युअलमध्ये अमुक वेटचं तेल, डब्यातून अमुक उंचीपर्यंत, असं लिहिलेलं असतं आणि रॉकशॉक्सची जुनी मॅन्युअल्स मोफत मिळतात.) दुसरा थांबा बेअरिंग आणि सीलचं दुकान. तिसरा, आणि मालवणी माणसाला सगळ्यात जवळचा, होडीची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याच्याकडे ओ-रिंगचा डबा असतो आणि समुद्रात पार्ट सापडत नसतो तेव्हा काय करायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ओ-रिंग मागताना आतला व्यास आणि दोरीची जाडी असे दोन आकडे सांगा आणि नायट्राईलचीच मागा. ब्रेक ऑईलसाठीची ईपीडीएम रबराची ओ-रिंग दिसायला तशीच काळी, पण फोर्कच्या तेलात ती फुगते आणि आठवड्यात शॉकअप जाम.

इथे नाहीच मिळालं तर मग घाट चढायचा. आंबोलीमार्गे बेळगावचं उद्यमबाग किंवा फोंडा घाटाने कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. दोन्ही ठिकाणी हायड्रॉलिकची आणि लेथची कामं चालतात, तिथे ‘३०-४०-७’ ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. मुंबईत कुणी असेल तर त्याला मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर पाठवा. सील, ओ-रिंग, स्प्रिंग यांचीच दुकानं. पाकीट एसटीने किंवा कोकण रेल्वेने येणाऱ्या कुणाच्याही खिशात मावतं.

विरघळलेल्या इलॅस्टोमरच्या जागी स्टीलची स्प्रिंग बसवता येते आणि माझ्या मते तेच करावं. नवे इलॅस्टोमर कुठून मागवलेच तरी आपल्या हवेत त्यांचीही तीच गत होणार. स्प्रिंग बनवून घेताना थोडं फिजिक्स लागतं. तारेची जाडी जरा वाढली की कडकपणा चौथ्या घाताने वाढतो. चार मिलिमीटरऐवजी साडेचारची तार घेतली तर स्प्रिंग साठ टक्के कडक! फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण पन्नास किलोच्या मुलीखाली फोर्क हलणारसुद्धा नाही. वेढ्याचा व्यास मोठा केला तर उलट ती मऊ होते. आणि गॅरेजात हमखास दिला जाणारा सल्ला, ‘‘कडक आसा? दोन वेढे कापून टाक’’, हा साफ उलटा आहे. वेढे कमी केले की स्प्रिंग अजून कडक होते.

हवेवर चालणाऱ्या जुन्या फोर्कची एक मजा सांगायलाच हवी. रॉकशॉक्सच्या मॅग-२१ मध्ये सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्हच नाही. वरचा छोटा स्क्रू काढायचा आणि फुटबॉलमध्ये हवा भरतात तशी सुई खुपसायची. हे माहीत नसल्याने चांगला फोर्क ‘हवा धरत नाही’ म्हणून टाकून दिला जाऊ शकतो. असा कुठलाही फोर्क खोलण्याआधी हवा मात्र पूर्ण सोडा, नाहीतर झाकण तोंडावर उडतं.

नळी आणि पायाच्या मधले बुश झिजले की ब्रेक दाबल्यावर पुढे खटखट होते. हे बुश तयार मिळणं सगळ्यात अवघड आणि बनवून घेणं त्यामानाने सोपं. ट्रॉलरच्या शाफ्टचे गनमेटल बुश कातणाऱ्या टर्नरला हे काम खेळासारखं आहे. फट केसाएवढी हवी एवढंच त्याला सांगा. गंजाची टिंबं पडलेल्या नळीवर हार्ड क्रोम चढवून घासून घेता येतं, हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावर करतात तसं. पण एका नळीसाठी कारखानदार हो म्हणायला वेळ घेतो. टिंबं थोडी आणि सीलच्या वाटेबाहेर असतील तर तो खर्च करू नका.

इथपर्यंत जुगाडाला मोकळीक. यापुढे नाही. दोन्ही पाय वर जिथे जोडले जातात तो क्राउन, आणि त्यातून हँडलकडे जाणारी स्टिअरर नळी, यांत तडा दिसला तर फोर्क संपला. ॲल्युमिनियमला दिलेली उष्णतेची प्रक्रिया वेल्डिंगने मरते. दिसायला जोड मजबूत, पण आंबोली घाटाच्या उतारावर कधी सुटेल त्याचा भरवसा नाही. कुठलाही वेल्डर कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी तिथून सायकल घेऊन निघा. तसंच, आत दोन स्प्रिंगा आणि ग्रीस एवढंच असलेले, खोलताच न येणारे स्वस्त फोर्क असतात. त्यांच्यावर लेथचे पैसे घालवू नयेत.

मग अख्खा फोर्क बदलायचा? तिथेही मापच. स्टिअरर एक इंचाचा, आट्यांचा आहे की सव्वा इंचाच्या आतला, म्हणजे १ १/८ इंचाचा, बिनआट्यांचा? हल्लीचे बरेच फोर्क खाली रुंद होत जाणारे असतात, ते जुन्या फ्रेममध्ये शिरतच नाहीत. रिम ब्रेक असेल तर ब्रेक बसवायचे खुंट फोर्कवर हवेत. नव्या फोर्कवर बहुधा फक्त डिस्क ब्रेकची सोय असते. आणि चाकाच्या अक्षापासून क्राउनपर्यंतची उंची मोजा. ती दर वीस मिलिमीटरने वाढली की हँडलचा कोन साधारण एक अंशाने मागे पडतो. लांब फोर्क दिसतो झकास, पण वळताना सायकल ऐकत नाही आणि जुन्या फ्रेमच्या गळ्यावर भलता ताण येतो. २६ इंची चाकासाठी एसआर सनटूरचे साधे फोर्क अजून शोधले तर सापडतात. माझं मत विचाराल तर आधी दुरुस्ती, मग हे.

दुरुस्त झालेला फोर्क पहिल्याच रविवारी तारकर्लीच्या ओल्या वाळूत घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण बऱ्याच फोर्कचे खालचे पाय मॅग्नेशियमचे ओतीव असतात आणि बोल्ट स्टीलचे. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते मॅग्नेशियम. होडीच्या इंजिनाला जस्ताची वडी लावतात ती याचसाठी, इंजिनाआधी तिने झिजावं म्हणून. फोर्कला तशी वडी नसते. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याचा तांब्या ओता, धारेचा पाइप सीलवर मारू नका, नळ्या पुसा.

आणि त्याआधी एक चाचणी. नळीला सीलच्या अगदी लगत दोरा बांधा, सायकलवर नेहमीसारखे बसा, अलगद उतरा. दोरा किती सरकला ते मोजा. फोर्क एकूण जितका दबतो त्याच्या पाचवा ते चौथा भाग सरकला असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे. जास्त सरकला असेल तर प्रीलोडचा नट एक-दोन फेरे आवळा आणि परत बसा. तरी भागलं नाही, तर तो कागद घेऊन पुन्हा मिस्त्रीकडे.