साथ आल्याचे आधी कुणाला कळते? कोल्हापूरच्या अनुभवातून समजून घ्या डिजिटल आरोग्य यंत्रणा

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दवाखाने भरले, काही रुग्ण दगावले आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न राज्यभर गाजला. हिपॅटायटिस ई विषाणूची ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते. विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणे दिसायला २ ते १० आठवडे लागतात. म्हणजे पहिला रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो, तोपर्यंत तेच पाणी इतरांच्याही पोटात गेलेले असते.

हे वाया जाणारे दिवस कमी करणे, हे डिजिटल आरोग्य तंत्रज्ञानाचे साथीच्या काळातील पहिले काम. कोरोनामुळे आरोग्य सेतू आणि कोविन ही नावे घरोघरी पोहोचली. मात्र साथ आल्याचे सर्वात आधी ओळखणारी यंत्रणा वेगळीच आहे.

साथ आल्याचे सरकारला कसे कळते?

देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तीन पातळ्यांवर नोंद होते. गावातील आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून संशयित रुग्ण नोंदवतात, डॉक्टर तपासून संभाव्य रुग्ण नोंदवतात आणि प्रयोगशाळा खात्री झालेले रुग्ण नोंदवते. पूर्वी ही माहिती दर आठवड्याला वर जायची.

५ एप्रिल २०२१ रोजी केंद्राने एकात्मिक आरोग्य माहिती मंच, म्हणजे आयएचआयपी, देशभर सुरू केला. आता नोंद रोजच्या रोज ऑनलाइन करता येते. आजारांची संख्या १८ वरून ३३ झाली आणि रुग्ण कोणत्या गावात आहेत, हे नकाशावर दिसू लागले.

याचा फायदा उदाहरणातून पाहू. समजा, एकाच भागातील सहा जण काविळीसाठी सहा वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेले. प्रत्येक डॉक्टरसाठी तो एकच रुग्ण. पण सहाही नोंदी एका नकाशावर आल्या, तर ठिपके एकाच जलवाहिनीभोवती जमलेले दिसतील आणि पाण्याचा नमुना त्याच दिवशी तपासायला जाईल. मात्र खासगी दवाखान्यांनी नोंदच केली नाही, तर नकाशा कोराच राहील.

कोल्हापूरसाठी आणखी एक मुद्दा आहे. निपाणी, चिकोडी भागातील रुग्ण उपचारासाठी कोल्हापुरात येतात. नोंद कोल्हापुरात झाली तरी पाणी तपासायचे असते ते रुग्णाच्या गावात, म्हणजे कर्नाटकात. दोन्ही राज्यांची माहिती एका मंचावर असेल, तरच हा धागा जुळतो.

आरोग्य सेतूचे गणित कुठे अडले?

२ एप्रिल २०२० रोजी आलेले हे अ‍ॅप ब्लूटूथवर चालायचे. दोन फोन जवळ आले की ते एकमेकांची सांकेतिक ओळख साठवत आणि पुढे एखादा बाधित निघाला की संपर्कातील लोकांना इशारा जाई.

पण त्यासाठी दोघांच्याही फोनमध्ये अ‍ॅप हवे. १०० पैकी ४० जणांकडे ते आहे असे धरले, तर भेटलेल्या कोणत्याही दोघांकडे असण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४, म्हणजे फक्त १६ टक्के. उरलेल्या ८४ टक्के भेटी अ‍ॅपला दिसतच नाहीत. साधा फोन वापरणाऱ्यांसाठी १९२१ ही मिस्ड कॉल सेवा होती. ती लक्षणे विचारून सल्ला देऊ शके, जवळून कोण गेले हे ओळखू शकत नसे.

कोविनने काय साधले, कोण मागे राहिले?

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि कोविनमधील तांत्रिक अडचणींमुळे महाराष्ट्राला ते लगेच दोन दिवस थांबवावे लागले. पुढे याच यंत्रणेने देशभरात २२० कोटींहून अधिक डोसची नोंद ठेवली. कुणाला कोणती लस कधी दिली, हे एका ठिकाणी राहिले.

मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला आधी ऑनलाइन वेळ घेणे बंधनकारक होते. लस कमी, मागणी जास्त. स्लॉट उघडताच संपायचे. वेगवान इंटरनेट आणि सरावलेली बोटे असणाऱ्याला लस मिळायची. सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीला परवानगी मिळाली.

नोंद करणारे हात कुणाचे?

१५ सप्टेंबर २०२० पासून राबवलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघरी गेली, ताप आणि ऑक्सिजन मोजला, माहिती भरली. या कामाचा मोठा भार आशा स्वयंसेविकांवर होता. जून २०२१ मध्ये राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापुरात रुग्णसंख्या चढीच होती. नेमक्या त्याच काळात, १५ जूनपासून, राज्यातील सुमारे ७० हजार आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता ठरल्यावर २३ जूनला संप मिटला.

गावात कुणाला ताप आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. कुणीतरी दार ठोठावते, विचारते आणि मग भरते. त्या कामाचा मोबदला, फोन आणि डेटाचा खर्च हादेखील डिजिटल यंत्रणेचाच खर्च आहे.

महापुरात नेटवर्क गेले तर?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, अनेक गावांचा संपर्क तुटला. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, कावीळ यांचा धोका वाढतो. रस्ते बंद असताना ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला व्हिडिओवरून डॉक्टरांशी जोडून देतात. पण वीज आणि टॉवर बंद पडले की हा मार्गही बंद. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगराळ वाड्यांत एरवीही रेंजचा प्रश्न असतो. त्यामुळे नेटशिवाय नोंद साठवणारे आणि रेंज आल्यावर ती पाठवणारे अ‍ॅप, उपकेंद्रात बॅटरीची सोय आणि कागदी नोंदवही, हे तिन्ही पावसाळ्याआधी तयार हवे.

माहिती सुरक्षित राहते का?

जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका बॉटमधून लस घेतलेल्यांची वैयक्तिक माहिती मिळत असल्याचे समोर आले. कोविनमध्ये शिरकाव झाल्याचा आरोप केंद्राने फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती फुटण्याची भीती वाटली की लोक आजार लपवतात आणि साथ ओळखायला उशीर होतो.

तुम्ही काय करू शकता?

- घरात किंवा गल्लीत एकाच वेळी दोघा-तिघांना सारखी लक्षणे दिसली, तर आशा स्वयंसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८.
- दवाखान्यात सध्या राहता तो पत्ता सांगा. आधारवरचा जुना पत्ता दिलात, तर तपासणी भलत्याच गावात होईल.
- ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका.
- रुग्णाचे नाव, अहवाल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.
- घरातील ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसेल, तर त्यांची नोंदणी आणि अहवालाची छापील प्रत जपून ठेवा.