राजकारणाचे आध्यात्मीकरण

राजकारणाचे आध्यात्मीकरण म्हणजे राष्ट्राच्या प्रश्नांचा निर्णय नैतिक व धार्मिक तत्त्वांच्या कसोटीवर व्हावा, असा आग्रह धरणारी विचारधारा होय. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही कल्पना मांडली आणि महात्मा गांधींनी तिला व्यापक रूप दिले. धर्माच्या नावावर अनुयायी गोळा करून सत्ता मिळविणे, असा अर्थ तिच्या पुरस्कर्त्यांना अभिप्रेत नव्हता. तो तिचा विपर्यास होय.

गोखल्यांची भूमिका

गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुणे येथे भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, हा विचार समाजाच्या घटनेच्या प्रास्ताविकातच आहे. सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाला प्रथम स्थान देणे, स्वतःसाठी द्रव्यार्जन न करणे, जात व पंथ न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानणे आणि कोणाशीही वैयक्तिक कलह न करणे या त्यांपैकी काही होत. येथे देवाधर्माचा उल्लेख जवळजवळ नाही, ही बाब लक्षणीय आहे. गोखल्यांच्या लेखी अध्यात्म म्हणजे कार्यकर्त्याचे निःस्वार्थ चारित्र्य.

टिळक–गांधी मतभेद

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कर्मयोग हाही धर्मविचारातून लोकव्यवहाराकडे येणारा मार्ग होता. मात्र तो गांधींच्या मार्गाहून निराळा होता. जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातून हा भेद उघड झाला. टिळकांना राजकारणात सर्व काही क्षम्य वाटते, असे गांधींनी लिहिले होते. टिळकांनी त्याला हरकत घेतली. राजकारण हा संसारी माणसांचा व्यवहार आहे, साधूंचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. क्रोधाला अक्रोधाने जिंकावे या बुद्धवचनापेक्षा, जो जसा भजेल त्याला तसेच फळ देण्याचे श्रीकृष्णाचे सूत्र त्यांना या व्यवहारास अधिक योग्य वाटे. गांधींनी ही विभागणीच अमान्य केली. दोघेही गीतेचे निष्ठावंत अभ्यासक होते. त्यामुळे या वादास धार्मिक विरुद्ध निधर्मी असे रूप देता येत नाही.

पंढरपूरचे उपोषण (१९४७)

महाराष्ट्रात या विचाराची सर्वांत कठोर परीक्षा पंढरपुरात झाली. वारकरी संतांनी भक्तीच्या क्षेत्रात जातिभेद गौण मानला होता, तरी अस्पृश्य मानलेल्या जातींना विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता येत नसे. संत चोखामेळ्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. स्वातंत्र्य दाराशी आले असता पांडुरंगाचे दार आपल्याच बांधवांना बंद राहावे, ही विसंगती पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी यांना असह्य झाली. त्यांनी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापट यांच्या आग्रहावरून तो लांबणीवर टाकून गुरुजींनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा केला आणि गावोगावी लोकमत जागविले.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. मंदिरप्रवेशाचा कायदा होऊ घातला असताना उपोषण अनावश्यक आहे, असे गांधींचे मत होते आणि त्यांनी ते सोडण्याविषयी तार केली. गांधींना गुरुस्थानी मानणाऱ्या गुरुजींनी ती सूचना नम्रपणे नाकारली. कायद्याने दार उघडेल, पण मन उघडले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. अखेर दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी मंदिर खुले करण्यास मान्यता दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. मने मात्र सर्वांचीच उघडली नाहीत. मंदिर खुले होण्यापूर्वी मूर्तीतील ‘तेज’ पाण्याच्या घागरीत काढून घेतल्याचे सांगून काही सनातन्यांनी त्या घागरीची पूजा चालू ठेवली. बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा १९७३ मध्ये झाला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास जानेवारी २०१४ उजाडावे लागले.

आंबेडकरांचे आक्षेप

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४७ पर्यंत या मार्गापासून दूर गेले होते. फेब्रुवारी १९३३ मध्येच त्यांनी मंदिरप्रवेशाच्या विधेयकास पाठिंबा नाकारला होता. मंदिरप्रवेश हे अंतिम ध्येय की चातुर्वर्ण्य नष्ट करण्याची पहिली पायरी, असा त्यांचा प्रश्न होता. ज्याचा हक्क आहे त्याने दुसऱ्याच्या हृदयपरिवर्तनाची वाट का पाहावी, हा त्यामागचा खरा पेच आहे. साने गुरुजींच्या उपोषणाच्या गौरवपर लेखनात तो क्वचितच मांडला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी इशारा दिला की धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते. घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखी साधने सोडून द्यावीत, असेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले.

असे असले तरी आंबेडकरांना नीतिशून्य राजकारण मान्य होते असे नव्हे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम २५ ने हिंदूंची सार्वजनिक स्वरूपाची धर्मस्थळे सर्व वर्गांतील हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्यसंस्थेस दिला. परंतु केवळ कायदा पुरेसा संरक्षक नाही, असे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. स्वातंत्र्य व समता यांचा खरा आधार बंधुता हाच असून, ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले.